एकच टीव्ही, एकच फोन आणि चोवीस पोरं

पत्र: ताई, मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते. पटावर २४ मुलं. गावाने लोकवर्गणी काढून स्मार्ट टीव्ही घेऊन दिलाय, बाकी माझा स्वतःचा फोन. ट्रेनिंगला सांगतात प्रत्येक मुलाच्या गरजेप्रमाणे शिकवा, तंत्रज्ञान वापरा. मी रोज व्हिडिओ लावते, मुलं गप्प बसून बघतात आणि दुसऱ्या दिवशी विचारलं तर कोणालाच काही सांगता येत नाही. एका मुलीला फार कमी दिसतं. एक मुलगा तोंडी सगळी उत्तरं देतो पण लिहायला सांगितलं की वही कोरी. तांड्यावरच्या तीन मुली घरी गोरमाटी (बंजारा समाजाची बोली) बोलतात, त्या वर्गात तोंडच उघडत नाहीत. एक मुलगा दिवाळीनंतर आईबापाबरोबर ऊसतोडीला गेला. आणि एकाचं सगळं पाच मिनिटांत होतं, मग तो बाकीच्यांना छळतो. मी काय रोज चोवीस धडे तयार करू का? आणि लिहिता न येणाऱ्या मुलाची तोंडी परीक्षा घेतली तर बाकीच्यांवर अन्याय नाही का होणार?
– एक शिक्षिका

नमस्कार मॅडम,

चोवीस धडे अजिबात करू नका, तसं कोणीच करू शकत नाही आणि जो तसं करायला सांगतो त्याने वर्गात उभं राहून बरीच वर्षं झालेली असावीत. धडा एकच ठेवायचा. त्या धड्यातून मुलांना काय यायला पाहिजे तेही एकच ठेवायचं, आणि ते सगळ्यांसाठी तेवढंच, कोणाला सूट नाही. सैल करायचंय ते फक्त तिथपर्यंत पोचायचं कसं आणि आपल्याला आलंय हे दाखवायचं कसं एवढंच.

तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट म्हणजे तुम्हाला प्रत्येक मुलाचं कुठे अडतंय ते आधीच माहितीये. एकीचं डोळ्यांपाशी, एकाचं पेन्सिलीपाशी, तिघींचं भाषेपाशी. निम्मं काम इथेच झालंय. आता टीव्ही आणि फोनकडे वळताना फक्त एवढंच विचारायचं, की हे यंत्र यातली कोणती अडचण दूर करतंय? व्हिडिओने यातली एकही दूर होत नाही हो. जिला दिसत नाही तिला तो दिसत नाही, जिला प्रमाण मराठी फाडफाड कळत नाही तिला ती निवेदिका दम न घेता बोललेली कळत नाही, आणि ज्याला कळतं त्याला काही करायलाच नाही म्हणून तो शेजारच्याला चिमटे काढतो. यात तुमचा काही दोष नाहीये, व्हिडिओ एकाच पद्धतीने एकाच वेगाने बोलतो एवढंच.

या सगळ्या विचाराला युनिव्हर्सल डिझाईन फॉर लर्निंग म्हणतात, अमेरिकेत १९८४ साली सुरू झालेल्या कास्ट नावाच्या संस्थेने ते मांडलं, आणि मूळ कल्पना इमारती बांधणाऱ्यांकडून आलेली आहे. तुमच्या शाळेलाही रॅम्प असेलच बघा, तो केला व्हीलचेअरसाठी पण त्यावरून खिचडीच्या तांदळाचं पोतं पण जातं आणि नातवाला सोडायला आलेली आजी पण चढते. धडा तसा बांधायचा. ट्रेनिंगमध्ये याच्या तीन मोठ्या तत्त्वांची स्लाईड दाखवली असेल, ती पाठ नसली तरी चालेल. माहिती एकापेक्षा जास्त वाटांनी द्या, उत्तर एकापेक्षा जास्त प्रकारे घ्या आणि मुलाला त्यात करावंसं वाटेल असं काहीतरी ठेवा, इतकंच आहे ते.

आता नुसतं बोलण्यापेक्षा एक धडाच घेऊ. चौथीच्या परिसर अभ्यासातला पाण्याच्या साठवणुकीचा धडा घ्या, तुमच्या भागात या विषयावर कोणत्याही पोराला बोलायला लावायची गरज नाही, उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत ती स्वतः उभी राहिलेली असतात. आधी पाठाच्या टाचणात एका ओळीत लिहा: पाणी का साठवावं लागतं आणि आपल्या गावात ते कसं साठवतात, पूर्वी कसं साठवायचे, हे मुलाला सांगता आलं पाहिजे. बघा, यात ‘लिहिता आलं पाहिजे’ असं कुठेच नाहीये. ‘वाचता आलं पाहिजे’ असंही नाहीये. लिहिणं वाचणं यायलाच पाहिजे, पण त्यासाठी भाषेचा तास आहे, परिसर अभ्यासाच्या धड्यात त्या पोराला पाणी कळलं की नाही ते बघायचंय.

मग टीव्ही. व्हिडिओ तीन-चार मिनिटांचाच घ्या, पुस्तकातल्या क्यूआर कोडवरून दीक्षा या सरकारी ॲपवर जे मिळतं त्यातला किंवा दुसरा कुठलाही, फक्त घरी आधी स्वतः पूर्ण बघा आणि पेन ड्राईव्हवर टाकून ठेवा, नेटच्या भरवशावर तास ठेवू नका. पहिल्यांदा लावाल तेव्हा दोनतीन ठिकाणी थांबवा आणि विचारा, आता पुढे काय होईल? आणि दुसऱ्यांदा आवाज बंद करून लावा. आवाज बंद! आणि मुलांनी कॉमेंट्री करायची, क्रिकेटची करतात तशी. एकदा मराठीत कोणीतरी करेल, मग त्या तांड्यावरच्या मुलींना सांगा, तुम्ही तिघींनी मिळून गोरमाटीत करा, बाकीच्यांनी ऐकून ओळखायचं की काय म्हणतायत. पहिल्या दिवशी कदाचित लाजतील, हसतील, काहीच बोलणार नाहीत, जबरदस्ती करू नका, पुढच्या आठवड्यात परत ठेवा. ज्या वर्गात आपली भाषा चालते हे पोरांना एकदा कळलं तिथे मराठी बोलायची भीती पण कमी होत जाते, आणि बाकीच्या मुलांना कळतं की या मुलींना एक भाषा जास्त येते. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले सरांना २०२० साली ग्लोबल टीचर प्राईझ मिळालं तेव्हा पेपरात सगळीकडे क्यूआर कोडवालं पुस्तक आलं, पण त्यांनी आधी काय केलं तर मुलांच्या घरची भाषा कन्नड होती म्हणून ते कन्नड शिकले. क्यूआर कोड त्याच्यानंतरचे. मला ही गोष्ट त्या बक्षिसापेक्षा मोठी वाटते. तुम्हीही त्या मुलींकडून रोज एक शब्द शिका, आईला याडी आणि भाकरीला बाटी इथून सुरुवात करा आणि फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.

व्हिडिओ झाला की वर्ग चार जागी बसवा. एका कोपऱ्यात तुमचा फोन आणि एक छोटा ब्लूटूथ स्पीकर, त्यात तुम्ही स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड केलेला धडा. हो, तुमच्याच आवाजात, हळू, मध्येमध्ये थांबून. पुस्तकाचं पीडीएफ बालभारतीच्या साईटवर फुकट मिळतं खरं पण त्यातला मजकूर कॉपी करून फोनला वाचायला लावला तर फॉन्टमुळे अक्षरांचा गोंधळ होऊ शकतो, आणि यंत्राच्या आवाजापेक्षा मुलं बाईंच्या आवाजाला जास्त जीव लावून ऐकतात. एकदा रेकॉर्ड केलं की पुढच्या वर्षीही चालतं. दुसऱ्या कोपऱ्यात चित्रं आणि वस्तू: रांजण, घागर, हंडा, बाटली, आड, बारव, शेततळं, किल्ल्यावरचं पाण्याचं टाकं, ज्याचे फोटो मिळतील ते मोठे प्रिंट काढून, आणि जुनं-नवं असं मांडायचं. तिसऱ्या कोपऱ्यात तुम्ही स्वतः, जिथे चार-पाच मुलांशी नीट बोलता येतं. आणि चौथा कोपरा मोजण्याचा, तो तुमच्या त्या पाच मिनिटांत सगळं होणाऱ्या पोरासाठी.

त्याच्याबद्दल थोडं. अशा मुलाला आपण सहसा ‘जा, बाकीच्यांना शिकव’ म्हणतो, कधीतरी ठीक आहे पण रोज नको, त्यालाही स्वतःला शिकायचंय. त्याला अवघड प्रश्न द्या. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की बरोबर एक लिटर पाणी होतं, एवढं सांगा आणि टेप द्या हातात, म्हणा शाळेच्या पत्र्याची लांबीरुंदी खाली भिंतीलगत मोजून आण आणि वर्षाला सहाशे मिलिमीटर पडला तर किती पाणी वाहून जातं ते सांग. दहा बाय सहा मीटरचा पत्रा असला तर ३६,००० लिटर येतं! थोडं बाष्प होऊन जातं, थोडं गळतं, पण तरी केवढं पाणी ते. मग तो स्वतःच विचारेल की हे साठवायला टाकी केवढी लागेल, गावाला टँकर किती लिटरचा येतो, आणि त्याचे चिमटे काढणं कमी होईल. या कोपऱ्यात त्याच्याबरोबर दोनतीन मुलं ठेवा, त्यात एखादं गणितात मागे असलेलं पण टेप धरायला उत्साही असं पोर पण असू दे.

एका तासात चारही कोपरे सगळ्यांचे होणार नाहीत. होऊही नयेत. दोन तास, दोन दिवस लावा. सुरुवातीला तर दोनच कोपरे करा, पहिल्या दिवशी गोंगाट होतो आणि शेजारच्या वर्गातले सर डोकावून बघतात, होऊ द्या.

आता त्या मुलीचं. फोन-टीव्हीच्या आधी तिची बसायची जागा बघा, खिडकीतून येणारा उजेड टीव्हीवर पडून चमकतो का, फळ्यावर पडतो का, तिला कोणत्या बाजूने बरं दिसतं ते तिलाच विचारा, काही मुलांना एका बाजूने तिरकं बघितलं की जास्त दिसतं. व्हिडिओत चित्र आलं की कोणीतरी ते बोलून सांगायचं, ‘आता एक बाई आडातून पोहऱ्याने पाणी काढतीये’ असं, आणि ही सवय पूर्ण वर्गाला लावा कारण चित्र शब्दात सांगणं हा भाषेचा फार चांगला व्यायाम आहे, मग तिच्यासाठी वेगळं काही केलं असं राहतच नाही. कोपऱ्यात ठेवलेल्या वस्तू तिला हातात घेऊन चाचपू द्या. फोनच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी म्हणून भाग असतो त्यात मॅग्निफिकेशन असतं, अक्षर मोठं करता येतं, रंग उलटे करून काळ्यावर पांढरं करता येतं, संध्याकाळी घरी बसून हे सगळं एकदा चालू-बंद करून बघा. आणि गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष तज्ञ किंवा विशेष शिक्षक असतात त्यांना लेखी कळवा, मोठ्या अक्षरातली पुस्तकं समग्र शिक्षामधून मिळतात पण त्यासाठी मुलीची नोंद झालेली असावी लागते. डोळ्यांची तपासणी नीट झालीये का हेही घरच्यांना विचारा. चष्म्याने सुटणारी गोष्ट असेल तर ती आधी सुटू दे.

तुमच्या लिहिता न येणाऱ्या मुलाबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय कारण अशी मुलं वर्गावर्गात असतात आणि त्यांना आळशी म्हणून सोडून दिलं जातं. तुम्ही त्याला आळशी म्हटलं नाही, त्याबद्दल खरंच बरं वाटलं. अध्ययन अक्षमता (म्हणजे समज असूनही लिहिण्या-वाचण्यात किंवा गणितात अडणं) असेल, नसेल, ते आपण ठरवायचं नाही, नाव ठेवायचं नाही, घरच्यांना घाबरवायचं नाही, पण लक्षणं तारखेसकट लिहून ठेवायची, वहीचे दोनचार फोटो जपून ठेवायचे आणि त्याच विशेष तज्ञांना दाखवायचं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात ही अध्ययन अक्षमता पण येते. रीतसर तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळालं तर पुढे दहावीच्या बोर्डाला जादा वेळ आणि लेखनिक अशा सवलती मिळतात, म्हणून ते आत्ता चौथीत सुरू झालेलं बरं.

पण प्रमाणपत्र येईपर्यंत वर्गात थांबायचं नाहीये. तुम्ही विचारलंय की तोंडी परीक्षा घेतली तर बाकीच्यांवर अन्याय होईल का. नाही होणार मॅडम, आणि ही सवलत पण नाहीये, ही आपल्या नियमातच आहे. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात तिसरी-चौथीला आकारिकाला, म्हणजे शिकवताना चालू असतं त्या मूल्यमापनाला, ६० टक्के आणि संकलितला, म्हणजे सत्राच्या शेवटच्या परीक्षेला, ४० टक्के भार आहे, आणि आकारिकाच्या साधनांमध्ये दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प असं सगळं दिलेलं आहे, लेखी चाचणी आणि स्वाध्याय हे त्यातलेच आणखी दोन. म्हणजे मोकळीक कागदावर आधीपासून आहे, आपण सगळे सवयीने लेखीवर येऊन बसतो. तेव्हा या धड्याचं उत्तर कसं द्यायचं ते सगळ्या चोवीस जणांना निवडू द्या: पाच ओळी लिहा, किंवा चित्र काढून त्याला नावं द्या, किंवा फोनवर एक मिनिट बोलून रेकॉर्ड करा. तीनच पर्याय, जास्त दिले की मुलं गोंधळतात आणि तुम्ही थकता. तपासायचं मात्र तिन्हीत एकच: का साठवतात, आता कसं, पूर्वी कसं. लिहिणाऱ्या पोराने हे तीन सांगितले तर जो ग्रेड तोच बोलणाऱ्याला. सगळ्यांना निवड दिली की अन्यायाचा प्रश्नच येत नाही, आणि ‘त्यालाच का’ असं कोणी विचारत पण नाही. फक्त एवढं बघा की एकच मूल दरवेळी तोच पर्याय घेत नाहीये ना, महिन्यातून एकदा तरी दुसरा घ्यायला लावा, नाहीतर लिहिणारी मुलं कधी बोलणारच नाहीत.

आणि त्याचं लिहिणं सोडून द्यायचं असं नाही हं. फोनवरच्या जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डमध्ये मराठी व्हॉईस टायपिंग (बोललेलं टाईप होणं) आहे, नेट चालू ठेवून त्याला बोलायला सांगा, त्याचेच शब्द स्क्रीनवर उमटतील, मग तेच त्याला वाचायला द्या. स्वतःचं वाक्य वाचायला सोपं जातं कारण त्यात काय आहे ते आधीच माहिती असतं. लहान मुलांचा आवाज आणि आपल्याकडची बोली त्या यंत्राला नेहमी कळत नाही, काहीतरी भलतंच टाईप होतं, मग ते चुकलेलं शोधून नीट करायचं काम त्यालाच द्या, तो खेळ त्यांना फार आवडतो. गूगलचं रीड अलॉंग हे वाचनाचं ॲप पण मराठीत आहे, गोष्टी आधी उतरवून ठेवल्या की नेट नसतानाही चालतं, आणि प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या साईटवर मराठी गोष्टी पातळीप्रमाणे फुकट मिळतात, तिथल्या सगळ्यात सोप्या पातळीपासून सुरुवात केली तरी त्याला कमीपणा वाटू नये म्हणून ती पुस्तकं वर्गात सगळ्यांसाठीच उघडी ठेवा.

कोणाला कळलं कोणाला नाही हे बघायला प्लिकर्स नावाचं एक ॲप वापरून बघा. प्रत्येक मुलाकडे छापलेला एक पुठ्ठा, तो वळवून धरला की अ ब क ड असं उत्तर होतं आणि तुमच्या एका फोनच्या कॅमेऱ्याने सगळ्या वर्गाची उत्तरं एकदम टिपता येतात. मुलांना फोन लागत नाही. प्रत्येकाचा पुठ्ठा वेगळा म्हणून शेजाऱ्याचं बघून उपयोग नसतो, आणि ज्या मुली तोंड उघडत नाहीत त्यांचंही उत्तर तुम्हाला कळतं. प्रश्न मात्र मोठ्याने वाचून दाखवा.

ऊसतोडीला गेलेल्या मुलाचं सांगताना जीव थोडा तुटतो. पहिलं म्हणजे पुढच्या वर्षी दसऱ्याच्या आतच घरच्यांशी बोला, आजीआजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहणार का ते, टोळी निघाल्यावर काही करता येत नाही. तो कोणत्या कारखान्यावर आहे हे मुकादमाकडून कळेल, तिथल्या जवळच्या शाळेत त्याला बसता येतं, शिक्षण हमी कार्ड त्यासाठीच असतं, तिथल्या गुरुजींना फोन करून त्याला काय येतं काय येत नाही ते सांगा. आणि आठवड्यातून एकदा त्याच्या वडिलांच्या व्हॉट्सॲपवर दोन मिनिटांचा व्हॉईस मेसेज पाठवा, व्हिडिओ नको, कोपीवर (ऊसतोड्यांच्या झोपडीवर) रेंज नसते आणि रिचार्ज संपलेला असतो, आवाजाची फाईल छोटी असते ती कधीतरी उतरते. त्यात धडा तर असू देच पण वर्गातली मुलं त्याचं नाव घेऊन काहीतरी बोलू देत. आणि त्याला एक काम द्या: तिथे पाणी कुठून येतं, कशात साठवतात, कोण आणतं, हे बोलून पाठव. तुमच्या पाण्याच्या धड्यात त्याची माहिती कोणाहीपेक्षा वेगळी असेल, ती टीव्हीला फोन जोडून सगळ्या वर्गाला ऐकवा. तो मार्च-एप्रिलात परत आला की वर्गात त्याचं नाव चालू राहिलेलं असेल, आणि मागे राहिलेलं भरून काढायला तुमचं ते रेकॉर्डिंग पण तयार असेल.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. यातल्या कुठल्याही मुलाचा फोटो, व्हिडिओ, ‘आमचा दिव्यांग विद्यार्थी’ असं लिहून कोणत्याही ग्रुपवर टाकू नका, वरून मागितला तरी पालकांना विचारल्याशिवाय नको. मुलांच्या उत्तरांचं रेकॉर्डिंग तपासून झालं की फोनमधून काढून टाका.

लाईट जाणार हे धरूनच चाला. प्रत्येक धड्याच्या टाचणात खाली एक ओळ लिहून ठेवा, लाईट नसेल तर काय, आणि ते सहसा हेच असतं की टीव्हीच्या जागी मुलांना बाहेर नेऊन गावातला आड दाखवायचा, हा पर्याय तर टीव्हीपेक्षा चांगलाच आहे. स्पीकर आणि रिचार्जचा खर्च स्वतःच्या खिशातून करत राहू नका, शाळा व्यवस्थापन समितीच्या मीटिंगमध्ये विषय घ्या आणि ठरावात लिहून घ्या. केंद्रप्रमुखांना दाखवायला वेगळी फाईल करायची गरज नाही, आकारिक नोंदवहीत त्या त्या मुलाच्या नावापुढे ‘तोंडी’, ‘चित्र’, ‘प्रात्यक्षिक’ असं साधन लिहिलं आणि समोर मूल काय म्हणालं ते एका वाक्यात लिहिलं की पुरे, कोणी विचारलं तर तेच वाचून दाखवा.

या महिन्यात हा एकच धडा असा करा, बाकीचे नेहमीसारखे घ्या. झाला की मला कळवा, विशेषतः त्या तिघींनी कॉमेंट्री केली का ते.

तुमची,
ताई